जाड ओळ शोधा: स्वतःच्या प्रोजेक्टचं नियोजन शिकताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी आणि घर सांभाळून हाती घेतलेलं एकही काम तडीस जात नाही. पहिल्या दिवशी भलीमोठी यादी तयार होते, तिसऱ्या आठवड्यात त्या यादीकडे बघवत नाही. सध्या तीन कामं अर्धवट पडली आहेत. आता चौथं डोक्यात आहे: घरातले सुमारे १,२०० जुने फोटो स्कॅन करून त्यांचं पुस्तक करायचं, सहा महिन्यांनी सगळे नातेवाईक जमणार आहेत त्याच्या आत. पायरीपायरीने नियोजन करायला कसं शिकावं आणि त्यासाठी कुठलं अ‍ॅप घ्यावं?

अ‍ॅपचं शेवटी बोलू. आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे पुढचं कुठल्या अनुभवातून येतंय ते कळेल. मी बावीस वर्षं प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून काम केलं, त्यातलं बरंचसं शटडाउनचं. म्हणजे चालू कारखाना ठरलेल्या दिवसांपुरता बंद करायचा, यंत्रं उघडायची, दुरुस्त करायची आणि ठरलेल्या तासाला परत चालू करायची. तिथलं वेळापत्रक दिवसांचं नसतं, तासांचं असतं. हजारो ओळींची शेड्यूल मी केली आणि ती बऱ्यापैकी पाळलीही गेली.

त्याच काळात घरच्या एका भिंतीभर पुस्तकांचं कपाट स्वतः करायचं मी ठरवलं. सवयीप्रमाणे रीतसर वेळापत्रक केलं. फळ्या आणणं, कापणं, घासणं, पॉलिशचे दोन हात, प्रत्येक हातानंतर वाळायचा वेळ, सगळं त्यात होतं. शेवटून दुसरी ओळ होती, ‘कपाट भिंतीला बसवणे: अर्धा दिवस’. ते बसवायला मला सात आठवडे लागले. भिंत ओळंब्यातच नव्हती. वरपासून खालपर्यंत जवळजवळ दोन सेंटिमीटरचा फरक होता. काटकोनात नेटकं केलेलं कपाट वाकड्या भिंतीला टेकेना. परत कापाकापी, परत पॉलिश, आणि मध्ये तीन आठवडे नुसतं वैतागून त्याकडे न बघणं. पहिल्या दिवशी भिंतीला ओळंबा लावला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. ओळंबा घरातच होता.

घासण्याचं आणि पॉलिशचं मला नीट माहीत होतं, म्हणून त्याच्या बारा ओळी झाल्या. भिंतीबद्दल काहीच माहीत नव्हतं, म्हणून तिची एकच ओळ झाली, तीही शेवटी. जवळजवळ प्रत्येक नवशिक्याची यादी अशीच असते. मी अशा ओळीला ‘जाड ओळ’ म्हणतो. दिसायला ती बाकीच्या ओळींएवढीच असते, पण तिच्या पोटात आणखी एक अख्खं प्रोजेक्ट दडलेलं असतं. नियोजन शिकायचं म्हणजे मुख्यतः ही ओळ ओळखायला शिकायचं, असं माझं मत आहे. तारखा घालणं, रंग देणं, महत्त्वक्रम लावणं हे कुणालाही आठवड्यात जमतं.

गंमत म्हणजे शटडाउनमध्ये आम्ही हे चोख पाळायचो. ज्या टाकीच्या आत गंज निघण्याची शंका असेल ती पहिल्याच दिवशी उघडून तपासायची, मग बाकीचं काम कितीही सोपं आणि समोर तयार असो. आतून काय निघेल ते पाचव्या दिवशी कळून उपयोग नाही. पत्रा मागवायला वेळच उरत नाही. ऑफिसात हे नियम आणि घरी मी पॉलिशपासून सुरुवात केली! सोपं काम आधी केलं की प्रगती झाल्यासारखं वाटतं, एवढंच त्याचं कारण.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे सिडनीचं ऑपेरा हाउस. १९५७ मध्ये वास्तुविशारद यॉर्न उट्झन यांचा आराखडा निवडला गेला. अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि १९६३ पर्यंत पूर्ण. प्रत्यक्षात इमारत १९७३ मध्ये उघडली आणि खर्च १० कोटी २० लाखांवर गेला. त्या शिडांसारख्या छताचा आकार नक्की कुठल्या भूमितीने बांधायचा हे ठरलेलं नसतानाच १९५९ मध्ये खालच्या चौथऱ्याचं काम सुरू झालं. नंतर छताचं वजन पेलायला चौथऱ्याचे खांब कमी पडतात असं निघालं आणि ते पुन्हा बांधावे लागले. ‘छत’ ही तिथली जाड ओळ होती. राजकारण आणि घाई ही कारणंही होतीच, सगळा दोष एका ओळीवर टाकणं बरोबर नाही. पण क्रम चुकला होता, हे खरं.

आता तुमचं फोटोंचं काम घेऊ. तुमची यादी मी पाहिलेली नाही, पण ती अशी असणार: फोटो गोळा करणे, स्कॅन करणे, निवडणे, नावं-तारखा लिहिणे, पुस्तक तयार करणे, छापून घेणे. सहा ओळी. यात जाड ओळ कुठली?

माझी एक कसोटी आहे. प्रत्येक ओळीसमोर स्वतःला विचारायचं, ‘उद्या सकाळी हे करायला बसलो तर पहिल्या दहा मिनिटांत हात नेमके काय करत असतील?’ ‘फोटो गोळा करणे’ला उत्तर आहे: कपाट उघडायचं, खोकी खाली काढायची. ‘पुस्तक तयार करणे’ला आहे का? कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, किती पानं, कुठला आकार, एका पानावर किती फोटो? हात जागच्या जागी थांबले की ओळ जाड. ‘नावं-तारखा लिहिणे’ तर त्याहून जाड आहे, कारण त्यातली अर्धी नावं तुम्हाला माहीतच नाहीत. ती ज्या दोन-तीन वडीलधाऱ्यांना माहीत आहेत त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्या सवडीने, फोटो समोर धरून विचारावी लागतील. हे काम तुमच्या हातातलं नाही. त्यांची तब्येत, त्यांचा मूड, त्यांची आठवण, सगळ्यांची वेळ जुळायला हवी.

स्कॅनिंगची ओळ मात्र दिसते तेवढी भयंकर नाही. ती लांब आहे, जाड नाही. हा फरक ध्यानात घ्या. लांब काम कंटाळवाणं असतं पण मोजता येतं, जाड काम मोजताच येत नाही. आणि लोक नेमके लांब कामाच्या धास्तीने आधी त्यालाच भिडतात, चार रविवार स्कॅनरसमोर घालवतात आणि थकून सोडून देतात.

यादीच्याही आधीची एक पायरी राहिली. काम पूर्ण झालं हे कशावरून ओळखायचं? ‘जुने फोटो डिजिटल करणे’ या वाक्याला शेवट नाही. पंधराशेवा फोटो कुणाकडे तरी निघणारच. ‘अमुक तारखेला, अमुक पानांचं, दीडशे फोटोंचं, प्रत्येक फोटोखाली नावं असलेलं छापील पुस्तक हातात’ या वाक्याला शेवट आहे. हे वाक्य लिहिलं की एक गोष्ट आपोआप समोर येते: पुस्तकासाठी १,२०० फोटो स्कॅन करायची गरजच नाही. आधी निवडायचे, मग तेवढेच स्कॅन करायचे. निवड स्कॅनिंगच्या आधी आली आणि सर्वांत लांब ओळ एका फटक्यात आठव्या हिश्शावर आली. बाकीचे हजार फोटो हे वेगळं प्रोजेक्ट आहे. त्याला या तारखेशी बांधू नका.

यानंतर अंदाज. इथे बहुतेक लोक डोळे मिटून आकडा सांगतात, आणि तो कमीच असतो. डॅनिएल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीला ‘नियोजनाचा भ्रम’ अशा अर्थाचं नाव दिलं. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं. सरासरी अंदाज निघाला ३३.९ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५.५. यातला खरा चटका पुढे आहे. ‘सगळं काही बिघडलं तर किती लागतील?’ असंही त्यांना विचारलं होतं. त्याचं उत्तर होतं ४८.६. म्हणजे माणसाने कल्पिलेल्या वाईटात वाईट परिस्थितीपेक्षाही साधा रोजचा दिवस जास्त वाईट निघाला. म्हणून ‘जरा जास्तच धरून चालू’ हा उपाय पुरा पडत नाही. आपण जास्त धरतो तेही कमीच असतं.

यावर मला माहीत असलेला एकच भरवशाचा उपाय म्हणजे छोटा तुकडा खरोखर करून बघणं, हातात घड्याळ घेऊन. २० फोटो घ्या, पण चांगले निवडून नकोत. एक अगदी लहान कृष्णधवल, एक कडा वळलेला, एक चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेला, एखादी निगेटिव्ह असेल तर तीही. (चिकट अल्बममधला फोटो जोर लावून ओढू नका, वरचा थर पानालाच राहतो. सुटत नसेल तर अख्खं पानच स्कॅनरवर ठेवा.) स्कॅनर ६०० डीपीआयवर ठेवा, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके. छपाईला साधारण ३०० लागतात, त्यामुळे फोटो मूळ आकाराच्या दुप्पट छापायची सोय राहते. चार बाय सहा इंची फोटो ६०० वर २,४०० गुणिले ३,६०० पिक्सेलचा होतो. न दाबता (कॉम्प्रेस न करता) साठवला तर एक फाइल सुमारे २६ एमबी, म्हणजे सगळे १,२०० केले असते तर ३१ जीबी. हेही आत्ताच कळलेलं बरं, कारण ‘जागा संपली’ ही अडचण नेहमी भलत्या वेळी येते.

समजा या २० फोटोंना पुसणं, ठेवणं, स्कॅन, काटछाट आणि नाव देणं धरून ५५ मिनिटं लागली. म्हणजे एका फोटोला पावणेतीन मिनिटं. दीडशे फोटोंना सुमारे सात तास. हा आता अंदाज राहिला नाही, मोजमाप झालं. तसंच पुस्तकाची चार पानं खरोखर मांडून बघा. समजा दोन तास गेले. पुस्तक साठ पानांचं असेल तर मांडणीला तीस तास. इथे बरेच जण दचकतात, आणि दचकायची योग्य वेळ हीच आहे.

आता बेरीज करू, कारण सगळी खरी करामत इथे आहे. फोटो गोळा करून निवडणं ८ तास, स्कॅनिंग ७, नावं विचारणं १०, फोटोंखालच्या ओळी आणि दोन-तीन छोटे मजकूर लिहिणं १०, मांडणी ३०. एकूण ६५. वरच्या विद्यार्थ्यांचा अनुभव बघता याला निदान १.६ ने गुणा, १०४ तास. (मोजलेल्या कामालाही गुणायचं का? हो. पहिली वीस पानं उत्साहात होतात, शेवटची वीस कंटाळ्यात, आणि मधे काहीतरी परत करावं लागतंच.)

तुमच्याकडे वेळ किती? सहा महिने म्हणजे २६ आठवडे. छपाई आणि पुस्तक हातात येण्यासाठी ३ आठवडे राखून ठेवा, प्रूफ तपासायला १, आणि २ आठवडे निव्वळ मोकळे. उरले २०. आठवड्याला किती तास? ‘रोज एक तास’ असं उत्तर देऊ नका. मागचे दोन आठवडे आठवा आणि खरोखर रिकामे, डोकं ताजं असलेले तास मोजा. नोकरदार माणसाचा आकडा बहुधा तीन ते पाचच्या मध्ये येतो; मी तीन धरतो. वीस आठवड्यांचे साठ तास.

काम १०४ तासांचं, वेळ ६०. बहुतेक माणसं इथे दोनपैकी एक करतात: तीनऐवजी पाच तास लिहून टाकतात, किंवा बेरीजच करत नाहीत. दोन्हींचा शेवट तिसऱ्या आठवड्यात होतो, हे तुम्हाला अनुभवाने माहीत आहेच. तुमचा उत्साह कमी पडत नव्हता. पहिल्या दिवशीच गणित जमत नव्हतं आणि ते कागदावर नसल्यामुळे दिसत नव्हतं.

तेव्हा काम कापायचं. पानं साठऐवजी चाळीस, फोटो दीडशेऐवजी शंभर. निवडीचे ८ तास तेच राहतील, कारण बघावे १,२०० लागणारच. स्कॅनिंग ५, नावं ७, मजकूर ७, मांडणी २०. बेरीज ४७, गुणिले १.६ म्हणजे सुमारे ७५. अजून बसत नाही. मांडणीकडे पुन्हा बघा. दर पान नव्याने रचण्याऐवजी तयार साचा घेऊन चार पानं मांडून पाहिली आणि तासाभरात झाली, तर चाळीस पानांना १० तास. एकूण ३७, गुणिले १.६, जेमतेम ५९. बसलं.

हे करताना तुम्ही तीन निर्णय घेतलेत, तेही घरबसल्या, एका संध्याकाळी: पानं कमी, फोटो कमी, साचा तयार. हेच निर्णय पाचव्या महिन्यात घ्यावे लागले असते तर वीस पानं हाताने मांडून झालेली असती आणि ती फेकायला जीव झाला नसता.

आता क्रम. मोठ्या प्रकल्पांत यासाठी एक जुनी रीत आहे. १९५७ च्या सुमाराला ड्यूपाँ या रसायन कंपनीत मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीचे जेम्स केली यांनी ती बसवली. आम्ही तिला क्रिटिकल पाथ म्हणतो. कल्पना साधी आहे. कामं एकमेकांवर अवलंबून असतात, त्यांच्या अनेक साखळ्या बनतात. त्यांतली सर्वांत लांबलचक साखळी प्रकल्पाची शेवटची तारीख ठरवते. त्या साखळीतलं काम एक दिवस लांबलं की शेवट एक दिवस लांबतो. बाकीच्या कामांना थोडी ढील असते, तिला फ्लोट म्हणतात.

घरच्या कामाला यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. शेवटाकडून मागे या. पुस्तक हातात हवं, त्याआधी छपाई, त्याआधी प्रूफ, त्याआधी मांडणी पूर्ण, त्याआधी सगळ्या ओळी लिहून झालेल्या, त्याआधी सगळी नावं माहीत, त्याआधी फोटो निवडलेले आणि माणसांना भेटलेलो. आता बघा, नावं विचारण्याचं काम सातच तासांचं, पण कॅलेंडरवर ते सहज सहा-आठ आठवडे खाईल, कारण भेटी ठरायच्या, रद्द व्हायच्या, एकाने सांगितलेलं नाव दुसऱ्याने खोडायचं. तासांनी लहान, दिवसांनी लांब. वेळापत्रक बुडतं ते अशाच कामांमुळे. लोक तास मोजतात आणि वाट बघण्याचे दिवस मोजायचे विसरतात. दुसऱ्यावर अवलंबून असलेलं प्रत्येक काम वेगळ्या रंगाने लिहा आणि ते पहिल्या पंधरवड्यात सुरू करा, मग ते संपायला कितीही लागो. ते चालू असताना स्कॅनिंग आहेच. एका फोनला तीन मिनिटं लागतात आणि त्याची वाट बघण्यात तीन आठवडे जातात; फोन आज केला तर ते तीन आठवडे बाकीची कामं चालू असतानाच निघून जातात.

एवढं झालं की दहा मिनिटं काढून एक थोडं अभद्र वाटणारं काम करा. सहा महिने उलटलेत आणि पुस्तक झालेलं नाही अशी कल्पना करा, आणि का झालं नाही त्याची कारणं लिहा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या नियतकालिकात या पद्धतीवर लिहिलं होतं, प्रीमॉर्टेम हे त्यांनी दिलेलं नाव. ‘काय चुकू शकतं?’ या प्रश्नापेक्षा ‘चुकलंच आहे, का ते सांग’ या प्रश्नाला माणूस जास्त प्रामाणिक उत्तर देतो, हा माझा अनुभव. तुमच्या कामात काय निघेल? हार्ड डिस्क बंद पडली. (तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.) भावंडांनी आयत्या वेळी ‘आमचे फोटो कमी का?’ म्हणून विचारलं. ऑफिसात एक महिना ओव्हरटाइम लागला. कारणं दहा निघाली तरी उपाय दोन-तीनवरच करा. सगळ्यांवर उपाय करत बसलात तर ते तुमचं पाचवं प्रोजेक्ट होईल.

रोजच्या पातळीवर मी फक्त दोन सवयी सांगेन. पहिली, कामाची वेळ ‘वेळ मिळेल तेव्हा’ अशी न ठेवता एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधा: ‘शनिवारी सकाळचा चहा झाला की स्कॅनर चालू’. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ या प्रकारच्या ठरावांवर बरंच काम केलं आहे. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या आणि परिणाम चांगला ठळक निघाला. दुसरी सवय माझी स्वतःची आहे आणि पहिलीपेक्षा मला ती जास्त उपयोगी पडते. उठण्याआधी शेवटची पाच मिनिटं पुढच्या वेळेसाठी एक चिठ्ठी लिहायची: कुठे थांबलो, पुढे हात कशाला लावायचा, काय अडलंय. ‘निळ्या अल्बमची सातवी ते बारावी पानं झाली, तेराव्या पानावरचा गट फोटो दोन तुकड्यांत स्कॅन करायचा.’ आठवड्यातून तीनच तास मिळणाऱ्या माणसाचा पहिला अर्धा तास ‘कुठे होतो बरं आपण?’ यात जातो. ही चिठ्ठी तो वाचवते.

आठवडे बुडणार हे गृहीत धरा. पाहुणे येतील, ताप येईल, कधी नुसतं नको वाटेल. दोन आठवडे बुडाले की नवशिके एक ठरावीक चूक करतात: अख्खी योजना नव्याने, आणखी सुंदर बनवतात. त्यात एक रविवार जातो आणि समाधानही मिळतं, पण फोटो एकही पुढे सरकत नाही. त्याऐवजी चिठ्ठी वाचा, त्यातलं काम करा, आणि उठताना मोकळ्या ठेवलेल्या दोन आठवड्यांपैकी किती संपले ते लिहा. तो मोकळा वेळ शेवटी एकत्र ठेवायला सांगितला तो यासाठीच. प्रत्येक कामात थोडा थोडा वाटून टाकला की तो कुठे मुरला ते कळतच नाही. दोन्ही आठवडे संपले आणि निम्मं काम बाकी असेल, तर परत कापाकापी: चाळीसची बत्तीस पानं. तारीख हलणार नसेल तर काम हलवा. दोन्ही घट्ट धरून ठेवायची ताकद कुणातच नसते, आमच्या शटडाउनमध्येही नव्हती. तिथे माणसं वाढवता यायची एवढाच फरक.

तुमची ती तीन अर्धवट कामं. हा भाग तुम्हाला आवडणार नाही. चौथं सुरू करण्याआधी त्यांतली दोन रीतसर बंद करा. ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला नको. सामान आवरा, एका कागदावर ‘कुठपर्यंत आलं, परत घ्यायचं झालं तर सुरुवात कुठून’ एवढं लिहून खोक्यात टाका आणि खोकं नजरेआड ठेवा. तिसरं थोडक्यात संपणारं असेल तर आधी संपवा. आठवड्याच्या तीन तासांत दोन कामं बसत नाहीत, चार कुठली बसणार. बंद केल्याची टोचणी दोन दिवस राहते. अर्धवट ठेवल्याची रोज टोचत असते आणि ती नव्या कामाचाही हुरूप खाते.

शिकण्याबद्दल विचारलंत म्हणून एक सांगतो. नियोजन वाचून येत नाही आणि सहा महिन्यांच्या एका कामातूनही फारसं येत नाही, कारण आपला अंदाज चुकला हे कळायलाच सहा महिने लागतात. सराव छोट्या कामांवर करा. दोन शनिवार-रविवारांत संपेल असं काहीतरी: एक खण आवरणं, सायकल उघडून साफ करणं, पाच पानांचा लेख. सुरू करताना वहीत अंदाज लिहा, संपल्यावर खरे तास, आणि फरक पडला तर एका ओळीत कारण. आठ-दहा कामांनंतर त्या वहीत दोन गोष्टी दिसायला लागतात. एक, तुमचा स्वतःचा गुणक. माझा सुतारकामाचा अडीच आहे, लिखाणाचा दोन, आणि जे काम पूर्वी दहा वेळा केलंय त्याचा जवळपास एक. वर मी १.६ वापरला तो तुमची वही नाही म्हणून. दोन, तुमच्या जाड ओळी साधारण कुठल्या जातीच्या असतात. काहींच्या खरेदीत असतात, काहींच्या परवानग्यांत, काहींच्या ‘शेवटचा हात फिरवणे’ या निरागस शब्दांत. माझ्या नेहमी जोडणीत असतात: एक वस्तू दुसरीला बसवायची आली की मी चुकतो. भिंतीनंतर हे दोनदा झालं तेव्हा कुठे लक्षात आलं. आता कुठल्याही यादीत ‘बसवणे’, ‘जोडणे’ दिसलं की मी ते उचलून पहिल्या आठवड्यात टाकतो, निदान कच्च्या स्वरूपात का होईना.

अ‍ॅप: पहिल्या दोन-तीन कामांना वही आणि पेन्सिल. पेन्सिल अशासाठी की खोडायला लाज वाटत नाही. अ‍ॅपमध्ये ओळ लिहिणं इतकं सोपं असतं की माणूस न विचार करता चाळीस ओळी लिहून मोकळा होतो, आणि जाड ओळ त्या गर्दीत आणखी छान लपते. पुढे तुमच्यासोबत आणखी कुणी काम करणार असेल, म्हणजे भावंडं काही अल्बम स्कॅन करणार असतील, तर सगळ्यांना दिसेल अशी साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने चारच ठेवा: काम, कोण, अंदाज, खरे तास. पाचवा रकाना घालायचा मोह होईल.

या शनिवारी २० फोटो, घड्याळ, आणि पुस्तकाची चार पानं. त्याच दिवशी, स्कॅनर गरम व्हायच्या आत, नावं सांगू शकणाऱ्या सगळ्यांत वयस्कर माणसाला फोन. भेटायला जाताना निवडलेले शंभरच नेऊ नका, अनोळखी चेहऱ्यांचे आणखी वीस-तीस बरोबर असू द्या आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. नाव सांगता सांगता ते जे बाकीचं बोलतील तोच तुमचा मजकूर आहे, आणि मजकुरासाठी धरलेल्या सात तासांतले निदान दोन तिथेच वाचतील.